शेवटचा उतार

सिंहगड उतरून झाला होता. आतकरवाडीतली घरं दिसायला लागली होती, खाली लावलेल्या गाड्यांचे आरसे उन्हात चमकत होते आणि पुढे गेलेल्या मंडळींत चहा कुठे घ्यायचा याची बोलणी सुरू झाली होती. घसाऱ्याचा टप्पा मागे पडला होता, मोठाल्या दगडांच्या पायऱ्या संपल्या होत्या. उरली होती शे-दोनशे पावलांची साधी, जवळजवळ सपाट पायवाट. त्या वाटेवर लिंबाएवढा एक दगड होता. उजवा पाय त्याच्यावर पडला, घोटा बाहेरच्या बाजूला कलंडला आणि मी खाली बसले.

"अगं, अख्खा गड उतरलीस आणि इथे कशी पडलीस?" मैत्रिणीने हात देत विचारलं.

ती काळजीनेच विचारत होती. मला त्या क्षणी बोलता येत नव्हतं, पण तिचा प्रश्न मी घरी घेऊन आले. सूज उतरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस पाय उशीवर ठेवून तोच प्रश्न घोळवत होते. हा घोटा आजवर कुठे कुठे मुरगळला ते आठवायला लागले, आणि चमकले. अवघड जागी तो एकदाही गेला नव्हता. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालले, त्या वर्षी दिवे घाट सुखरूप चढून गेले आणि सासवडच्या अलीकडे सपाट डांबरी रस्त्यावर पाय गेला. भावाच्या लग्नात दोन दिवस उभी होते. शेवटची पंगत उठली, आता जरा टेकावं म्हणून वळले आणि सतरंजीच्या कडेवर गेला. सगळ्यांत पहिल्यांदा गेला तो खो-खोच्या मैदानावर, संरक्षणाची पाळी संपत आलेली असताना. दर वेळी काम उरकत आलेलं, पाय दमलेले आणि मन पुढच्या गोष्टीकडे वळलेलं.

मी तेव्हा नववीत होते. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, शाळेमागचं मातीचं मैदान, पाणी मारून बसवलेली धूळ. खो-खोत संरक्षणाला उतरलेल्या मुलीने किती मिनिटं काढली यावर तिचा खेळ मोजतात, आणि त्या दिवशी मी बराच वेळ टिकले होते. साखळीत पळताना बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी जावं लागतं. दर वळणाला अंगाचा सगळा भार एका पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतो. खांबाजवळ मी हुलकावणी दिली, अंग वळलं, पण पाऊल जिथल्या तिथे राहिलं. आतून ओली सुतळी तुटावी तसा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

सरांनी गार फवारा मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं. घरी आजीने आंबेहळद उगाळली, पळीत गरम करून लेप दिला, वरून जुन्या धोतराची पट्टी बांधली. संध्याकाळी शेजारच्या पायाळू काकूंना बोलावणं गेलं. पायाळू माणसाचा पाय लागला की लचक जाते, ही आमच्याकडची समजूत. काकूंनी आपला अंगठा माझ्या घोट्याला इतक्या अलगद लावला की दुखऱ्या पायालाही तो कळला नाही. त्या स्पर्शात माया होती आणि आजही मी तिला कमी लेखणार नाही. आठ दिवसांत सूज ओसरली, काळंनिळं होतं ते पिवळं पडलं, आणि घरादाराच्या मते पाय बरा झाला. दहाव्या दिवशी मी मैदानावर होते.

चूक झाली ती इथे. लेप लावण्यात चूक नव्हती, लेपानंतर काहीच न करण्यात होती. आपल्याकडे हाड मोडलं तर दीड महिना प्लास्टर असतं, घरातले पाणी हातात आणून देतात. पण "नुसता मुरगळलाय" म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून पोर लंगडत शाळेत जाते. या 'नुसता' शब्दाने किती खेळ संपवले असतील कोण जाणे. एकदा जोरात घोटा मुरगळलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे वर्षानुवर्षं त्रास राहतो. काही पाहण्यांत हे प्रमाण शंभरात ४० पर्यंत गेलेलं आहे. घोटा पुन्हा पुन्हा कलंडतो, खडबडीत जागी पाय ठेवताना धाकधूक वाटते, आणि एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. डॉक्टरी भाषेत याला क्रॉनिक अँकल इन्स्टेबिलिटी म्हणतात. आपण साधं म्हणतो, पाय दगा देतो.

सिंहगडानंतर मी पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडे गेले. वयाने माझ्या भाचीएवढी मुलगी. घोट्याला हात लावायच्या आधी तिने विचारलं, "ताई, मुरगळला तेव्हा किती वेळ चालून झालं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उशीवर पाय ठेवून जे जुळवत बसले होते, ते तिने एका वाक्यात हातात दिलं.

मग ती म्हणाली, "बाहेरच्या घोट्याच्या हाडामागे बोट ठेवा. आता पाऊल बाहेर वळवा, करंगळीची बाजू वर उचला." मी तसं केलं आणि बोटाखाली एक दोरी ताठ झाली. वाचणाऱ्यांनीही आत्ता करून बघावं, अर्धं मिनिट लागतं. ही दोरी गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असणाऱ्या दोन स्नायूंची आहे. त्यांना पेरोनियल स्नायू म्हणतात. विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तशा त्यांच्या दोऱ्या घोट्याच्या हाडामागून वळून पावलात उतरतात. एक पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावर जो उंचवटा हाताला लागतो, तिथे थांबते. दुसरी तळव्याखाली शिरते, आडवी जाते आणि पार अंगठ्याच्या मुळाशी पोचते. पाऊल आत वळून कलंडायला लागलं की त्याला बाहेरच्या बाजूने ओढून धरणारे हेच दोघे. पोटरीसारखे ते दिसत नाहीत, कुणी त्यांची मालिश करत नाही. मी स्वतः पस्तिशी उलटेपर्यंत त्यांचं नावही ऐकलं नव्हतं.

हाडांची बांधणीही तिने सांगाड्याच्या पायावर दाखवली. नडगीच्या दोन हाडांनी केलेल्या खोबणीत टॅलस नावाचं हाड बसतं. ते पुढे रुंद आहे, मागे निमुळतं. टाच टेकवून गुडघा पुढे झुकवला की रुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा घट्ट होतो. चवडा खाली गेला की निमुळता भाग येतो आणि सांधा सैल पडतो. पायरी उतरताना, उडी मारून चवड्यावर येताना, घसाऱ्यावर पाऊल चाचपडत टाकताना आपण नेमके त्या सैल अवस्थेत असतो. त्या घडीला हाडांचा आधार कमी, आणि बाहेरच्या अंगाचे लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, माझ्यासारखीचे आधीच ताणून ढिले झालेले. त्यांतला पुढचा सगळ्यांत नाजूक असतो आणि बहुतेक वेळा तोच आधी जातो. मग उरतात हे दोन स्नायू.

पण स्नायूंना वेळ मिळतो कुठे? पाऊल कलंडतंय ही खबर वर जाऊन उलट हुकूम येईपर्यंत साधारण ६० ते ८० मिलिसेकंद जातात. त्यानंतर स्नायूत ओढ भरायला आणखी थोडा वेळ लागतो. डोळ्याची पापणी मिटून उघडायला याहून जास्त वेळ लागतो, तरी घोट्यासाठी हा उशीरच आहे. तेवढ्यात इजा होऊन जाऊ शकते. म्हणून धडधाकट माणसाचा मेंदू हाक ऐकू येण्याची वाट बघत नाही. पाऊल जमिनीला लागायच्या आधीच तो या स्नायूंना थोडं ताणून ठेवतो. चालताना प्रत्येक पावलाला ही तयारी होते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. हे कळलं तेव्हा मला माझ्या पायाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. इतकी वर्षं मी त्याला नावं ठेवत आले होते.

ही तयारी करायला पाऊल या क्षणी कुठे आणि किती वळलेलं आहे याची खात्रीची खबर लागते. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद मायकेल फ्रीमन यांनी १९६५ साली मांडलं की अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे, त्यात ज्ञानतंतूंची टोकं आहेत. घोटा मुरगळतो तेव्हा दोरीबरोबर हा निरोप्याही जखमी होतो. त्यांच्याकडे येणारे रुग्ण पाय अचानक गळतो अशी तक्रार घेऊन येत. ज्यांना डळमळत्या फळीवर तोल सांभाळायचा सराव दिला त्यांच्यात ही तक्रार कमी राहिली. त्यांच्या म्हणण्यात पुढच्या अभ्यासकांनी बऱ्याच सुधारणा केल्या, पण डळमळती फळी आजही दवाखान्यांत आहे. माझ्या बाबतीत हा निरोप्या नववीत जखमी झाला आणि त्याला कुणी पुन्हा कामाला लावलंच नाही.

आता थकवा. दमणं म्हणजे ताकद संपणं, असं मी समजत होते. खरं तर ताकद बरीच शिल्लक असताना बाकीच्या गोष्टी बिघडायला लागलेल्या असतात. स्नायूचा धागा आखडतो तो त्याच्या आत सुटणाऱ्या कॅल्शियममुळे. बराच वेळ काम झालं की आत फॉस्फेट साठतं, कॅल्शियम कमी सुटतं, पकड हळू येते आणि हळूच सुटते. (लॅक्टिक ॲसिडवर हे सगळं ढकलायची जुनी सवय आहे, ती आता सोडायला हरकत नाही.) मेंदू मग तेवढ्याच कामासाठी जास्त धागे जुंपतो. कातडीवर इलेक्ट्रोड लावून स्नायूची वीज मोजली तर दमत चाललेल्या स्नायूत ती मोठी होत जाते, पण तिची कंपनं मंदावतात. शेवटच्या पंगतीला वाढपी दुप्पट उभे राहावेत आणि तरी भात वेळेवर येऊ नये, तशी ती गत असते.

याहून मोठी गोष्ट निरोपाची. स्नायूत ताण मोजणारी बारीक यंत्रणा असते; पाऊल किती वळलंय हे अस्थिबंधांपेक्षा जास्त तीच सांगते. दमलेल्या माणसाला डोळे मिटून घोटा ठरावीक कोनात वळवायला सांगितला तर त्याच्या चुका वाढतात. धडधाकट माणसाचं एवढ्याने बिघडत नाही, त्याच्याकडे राखीव शिल्लक असते. माझ्यासारखीची अडचण दुहेरी आहे. अस्थिबंधांकडून येणारी खबर आधीच अपुरी, म्हणून सगळी भिस्त स्नायूंवर. आणि सहा तासांच्या चालीनंतर स्नायूंकडून येणारी खबरही अंधुक होते. दमल्यावर हा पेरोनियल स्नायू नेमका किती उशिरा जागा होतो यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही प्रयोगांत उशीर ठळक दिसतो, काहींत फारसा नाही. माझ्यापुरतं मी एवढं सांगू शकते की गडाच्या पायथ्याशी माझं पाऊल बघून पडत नाही, नुसतं पडतं.

उतार चढापेक्षा फसवा, तोही याच कारणाने. चढताना धाप लागते, छाती सांगते थांब. उतरताना दम लागत नाही, म्हणून वाटतं आपण दमलो नाही. पण मांडीचे आणि पोटरीचे स्नायू लांबत असताना ब्रेक लावत असतात, आणि स्नायूंच्या धाग्यांची सगळ्यांत जास्त झीज या कामात होते. छाती गप्प बसते आणि पाय दमत राहतात.

पुढच्या भेटीत त्या मुलीने मला आरशासमोर उजव्या पायावर उभं केलं. मी घोट्याकडे बघत होते. "तिकडे नको, कमरेकडे बघा," ती म्हणाली. अर्ध्या मिनिटात माझी कंबर डाव्या बाजूला खाली सरकली. दुखणं घोट्याचं आणि ढिलाई खुब्यात! खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दमला की कंबर कलते, पाय अंगाच्या मधल्या रेषेकडे जास्त पडतो आणि पावलाची बाहेरची कड आधी टेकते. तिथून घोटा कलंडायला एक खडा पुरतो. ऑस्ट्रेलियात जोॲन बुलॉक-सॅक्सटन यांनी १९९४ साली दाखवलं होतं की जोरात घोटा मुरगळलेल्या माणसांत कुल्ल्याचा मोठा स्नायू उशिरा कामाला लागतो. अमेरिकेत फिलिप ग्रिबल आणि जे हर्टेल यांच्या गटाने २००४ साली अस्थिर घोट्याच्या माणसांना दमवून मग तोलाची परीक्षा घेतली. जमिनीवर पट्ट्या चिकटवून चांदणी काढायची, मध्ये एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय प्रत्येक टोकाकडे जमेल तेवढा लांबवायचा. दमल्यावर पोच कमी झाली, आणि ती मुख्यतः गुडघा नि खुबा पुरेसे वाकेनासे झाले म्हणून.

मी ती चांदणी घरी हॉलमध्ये काढली. चिकटपट्टी अजून फरशीवर आहे, येणारे-जाणारे रांगोळी पुसली का म्हणून विचारतात. सकाळी उजव्या पायावर उभी राहून डावा पाय मागे जिथवर पोचतो तिथे पेन्सिलची खूण केली. संध्याकाळी मंडईतून दोन पिशव्या घेऊन चार जिने चढून आले आणि पुन्हा करून बघितलं. पाय खुणेच्या चार बोटं अलीकडे राहिला. डाव्या पायावर उभी राहिले तर फरक बोटभर. सात दिवस केलं, सातही दिवस असंच.

एकदा फोन जमिनीवर ठेवून उजव्या पावलाचं चित्रीकरणही केलं. अनवाणी, एका पायावर. घोट्याच्या हाडामागची ती दोरी सतत नाचत होती. वर येत होती, बुडत होती, पुन्हा वर. बोटं फरशीला धरत होती, सोडत होती. मला वाटत होतं मी स्वस्थ उभी आहे, आणि खाली कुणीतरी क्षणाची उसंत न घेता मला सावरत होतं. चाळिसाव्या सेकंदाला नाच मोठा आणि संथ झाला. पाऊल बाहेरच्या कडेवर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. तोल जाऊन मी भिंत धरली तो क्षण मी कितीतरी वेळा मागे नेऊन बघितला. भिंत धरायच्या तीन-चार सेकंद आधी पावलाला कळलेलं दिसतं. मला मात्र भिंत हाताला लागल्यावर कळलं.

आता गडावर जाते तेव्हा घोट्याला आधार देणारा पट्टा बांधते. एकदा मुरगळलेल्या घोट्याला पट्ट्याचा उपयोग होतो हे चांगलं सिद्ध झालेलं आहे आणि तो बांधण्यात कमीपणा नाही. उतरताना शेवटच्या टप्प्याच्या वर, ताकवाल्या मावशींच्या खोपटापाशी दहा मिनिटं बसते. बाकीचे म्हणतात, आता आलंच की खाली. मी म्हणते, म्हणूनच बसते. ताक संपवते, दोन्ही पावलं दहा-दहा वेळा बाहेर वळवते, हाडामागच्या दोरीला बोट लावून बघते आणि मग उठते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. आपली प्रियांका इंगळे कर्णधार होती. आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. मुली मॅटवर खेळत होत्या, आमच्या वेळची धूळ नव्हती. सगळे गुण मोजत होते आणि मी घोटे बघत होते. पाळी संपत येते तसं खांबाजवळचं वळण किती जड होतं, पाऊल कसं किंचित रुंद पडायला लागतं, ते बघत होते. चषक उचलला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. या पोरींच्या मागे फिजिओ असेल, सराव करून घेणारं कुणीतरी असेल, याचा आनंद त्या पाण्यात होता. आणि गावच्या मैदानावर स्प्रे मारून पुन्हा पळायला सोडलेल्या आमच्यासारख्यांचं दुःखही होतं.

शेजारी भावाची मुलगी बसली होती. आठवीत आहे, खो-खो खेळते, संरक्षणात तरबेज. या दिवाळीत तिचा डावा घोटा मुरगळला. भाऊ फोनवर म्हणाला, "काही नाही गं, नुसता मुरगळलाय." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. आजी आता नाही; लेप मीच लावला, तसाच, आंबेहळद उगाळून. पण सूज उतरल्यावर तिला सोडलं नाही. सरांना जाऊन भेटले. ते तरुण आहेत, त्यांनी नीट ऐकून घेतलं. सुरुवातीला भिंतीला हात लावून, मग हात सोडून, मग उशीवर, मग डोळे मिटून, असं रोज एका पायावर उभं राहणं चालू झालं. आता ती पूर्ण खेळते, आणि सरावानंतर, घाम पुसायच्या आधी, पुन्हा ते करते. ते 'सरावानंतर' मी हट्टाने ठरवून घेतलं. भिंत हाताशी ठेवते, पण वेळ तीच.

गेल्या रविवारी गावी होते. संध्याकाळचं मैदान, पाणी मारलेली माती, तोच वास. ती धापा टाकत आली.

"आत्या, आज फार दमले गं. उद्या करू?"

"दमलीस ना? मग आत्ताच कर."

तिने बूट काढले, कुंपणाच्या भिंतीजवळ डाव्या पायावर उभी राहिली आणि डोळे मिटले. मी खाली मातीत बसले आणि तिच्या घोट्याच्या हाडामागे नजर लावली. दोरी वर आली, बुडाली, वर आली. बोटांनी माती धरली.

"किती झाले?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"अकरा," मी म्हणाले. "बोलू नकोस. बारा. तेरा."